मस्कऱ्याचं जाळं आणि उसनं लुगडं

दिवाळी अंक काढणाऱ्या पोराचा फोन आला. म्हणाला, काका, तुम्ही जन्मभर शाळेत शिपाई होता, तुमचे अनुभव लिहून द्या, भाषा आम्ही शुद्ध करून घेऊ. मी म्हणालो, शुद्ध करणार असशील तर दुसरा माणूस बघ. हा पोरगा आमच्याच शाळेत शिकला. शर्टाच्या बाहीला नाक पुसू नये हे त्याला मी शिकवलं, आता तो मला भाषा शिकवणार. तेव्हा खाली आहे ते असंच छापावं. माझं शिक्षण चौथी नापास.

लिहिलेलं वाचून बघायला घरात कुणी नाही. अनसूया, माझी बायको, गेल्या वर्षी गेली. ती असती तर म्हणाली असती, "लई लांबवू नका, लोकास्नी कामं हायेत." ती होती तोवर मी लांबवत नव्हतो. बोलायचं ते तिच्याशी बोलून संपायचं.

शिपायाचं काम म्हणजे घंटा वाजवणं असं लोकांना वाटतं. घंटा कुणीही वाजवील. आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि एक खिळा, त्यात काही विद्या नाही. खरी विद्या खुर्च्यांची. शाळेत खुर्च्यांच्या चार जाती असतात. हाताची आणि गादीची. हाताची बिनगादीची. बिनहाताची. आणि चौथी ती घडीची लोखंडी, जी बसणाऱ्याला मागून चिमटा घेते. गादीच्या खुर्चीवर टर्किश टॉवेल पडला की ती चेअरमनसाहेबांची. पाहुणा आला की त्याच्याकडं एकदा बघायचं आणि खुर्ची ठरवायची. चुकलं की नोकरीवर येतं. एकदा आमचे चेअरमन आणि तालुक्याचे सभापती एकाच वेळी आले, आणि टॉवेल एकच. मी आत जाऊन टॉवेल मधोमध फाडला आणि दोन खुर्च्यांवर अर्धा अर्धा टाकला. दोघंही अर्ध्या टॉवेलावर बसून सहकार म्हणजे काय यावर सगळी दुपार बोलले. पोरं उन्हात बसून ऐकत होती.

तपासणीला येणारे साहेब हा आणखी एक प्रकार. एक डिप्टीसाहेब यायचे, ते पोरांची नखं तपासायचे. त्यांच्या स्वतःच्या करंगळीचं नख पळी म्हणून वापरता आलं असतं. दुसरे एक फळ्यावर काय आहे ते कधी बघायचे नाहीत, पण आल्याबरोबर नाकानं हवा ओढायचे आणि विचारायचे, "आज काय, साधंच दिसतंय." म्हणजे कोंबडी नाही. अशा माणसांना जेवू घालून आमची शाळा दरवर्षी उत्तम ठरायची.

पण मला सांगायचंय ते बहात्तरच्या दुष्काळातलं.

आमचं गाव परंड्याच्या अलीकडं, सीनेच्या काठाला. काठाला म्हणायचं एवढंच. त्या वर्षी नदीत वाळू होती. बायका वाळूत खड्डा खांदायच्या, त्याला झिरा म्हणतात, आणि वाटीनं पाणी काढून घागर भरायच्या. एक घागर भरायला अर्धा दिवस. खायला रेशनची लाल मिलो ज्वारी, आणि शाळेतल्या पोरांना सरकारी सुकडी. ती सुकडी भाजून वाटायचं काम अनसूयाकडं होतं. शाळेमागं तीन दगडांची चूल, आणि चुलीच्या बरोबर वर पाचवीच्या वर्गाची खिडकी. त्या खिडकीखाली बसून माझी बायको शिकली. शाळेचं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं, मागची बाजू मात्र सगळी ऐकली.

पाचवीला कांबळे गुरुजी होते. लहान चणीचा माणूस, आवाज मात्र वेशीपर्यंत जायचा. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो, चेअरमन "ए मास्तर" म्हणायचे. का ते गावाला ठाऊक होतं, आणि गुरुजींनाही. गुरुजींची रीत अशी की व्याकरण शिकवायचं तर आधी गोष्ट सांगायची. नामाचे प्रकार शिकवायला त्यांनी राजाच्या मस्कऱ्याची गोष्ट काढली. मी डस्टर द्यायच्या निमित्तानं दारात उभा होतो.

गोष्ट अशी. एका राजानं मोठं तळं खांदायला सांगितलं. प्रधानानं खांदलं म्हणून सांगितलं. पाऊस झाला नाही तरी प्रधान रोज दरबारात सांगायचा, महाराज, तळं काठोकाठ भरलंय, कमळं फुललीत. दरबारी म्हणायचे, व्हय महाराज, वास येतोय. राजा खूश. दरबारात एक मस्कऱ्या होता. त्याचं काम राजाला हसवणं. तो एक दिवस दरबारात आलाच नाही. राजानं शोध घेतला तर हा गडी उन्हात, कोरड्या तळ्याच्या मधोमध उभा राहून मासे धरायचं जाळं फेकतोय. फेकतोय, ओढतोय, पुन्हा फेकतोय. राजा पालखीतून उतरला, भेगाळलेली जमीन बघितली आणि म्हणाला, अरे, इथं मासा कसा गावंल? मस्कऱ्या म्हणाला, मासा न्हाय गावला महाराज, पण प्रधान गावला.

पोरं खदखदा हसली. मग गुरुजींनी फळ्यावर लिहिलं. राजा, प्रधान, तळं, जाळं, ही सामान्यनामं. राजाचं आईबापांनी ठेवलेलं नाव ते विशेषनाम. आणि तिसरं भाववाचकनाम. ते असतं, पण त्याला हात लावता येत नाही, डोळ्यांनी दिसत नाही. खरेपणा, लबाडी, लाज.

संध्याकाळी भाकरी थापता थापता अनसूयानं मला सगळा धडा म्हणून दाखवला. मला तिसरा प्रकार काही केल्या उमगंना. हात लावता येत न्हाय, दिसत न्हाय, तर हाय कशावरनं? तिनं दोनदा सांगून बघितलं आणि शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी गेल्यावर कळंल तुमाला." मी हसलो.

आता चेअरमनसाहेबांविषयी. सोसायटीचे चेअरमन ते, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष ते, दूध संघावर ते. सगळी पदं बिनविरोध. घरात बाईसाहेबांसमोर तेवढा त्यांना विरोध व्हायचा. दोन प्रकारची नामं त्यांच्याजवळ भरपूर होती. तिसऱ्यातली लाज तेवढी टंचाईत होती.

त्यांनी एक पाणीपुरवठ्याची सहकारी सोसायटी काढली होती. सीनेचं पाणी मोटरीनं उचलायचं आणि नळानं गावात आणायचं. योजना चांगलीच होती. नदीत पाणी नव्हतं आणि नळ चिंचेच्या झाडापर्यंतच आले होते, एवढ्या दोन बारीक उणिवा. चिंचेपासून नदीपर्यंत नुसता चर. पण उद्घाटनाला मंत्री येणार हे ठरून गेलं होतं, आणि मंत्री पाण्यासाठी थांबत नसतात.

मंत्री यायच्या आदल्या दिवशी चेअरमननी मला शाळेशेजारच्या सोसायटीच्या गोदामामागं नेलं. छपरावर एक लोखंडी टाकी चढवली होती. तिथून एक नळ भिंतीआडून खाली आणून शाळेपुढच्या नव्या हौदावर काढला होता. मध्ये, भिंतीमागं, एक वाल, म्हणजे पाणी सोडायची-बंद करायची चावी. चेअरमन म्हणाले, "सायबांनी हिरवं बटन दाबलं की वाल सोडायचा. पूजा झाली, फोटो निघाला, की मी रुमालानं तोंड पुशीन. पुसलं की बंद. समजलं का रे?"

मी विचारलं, टाकीत पाणी कुठनं येणार. ते म्हणाले, पहाटं टँकर येतोय.

तो टँकर गावाचा होता. आठवड्यात एकदा यायचा. त्याच्याच भरवशावर म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना झिऱ्याच्या गढूळ पाण्यापेक्षा वेगळा घोट मिळायचा. मी तसं म्हणालो. चेअरमन म्हणाले, "थोडं हौदात पडंल, तेवढं गावाला. उरलेलं माझ्या मोसंबीला सोडायचं. झाडं मरायला लागल्यात." गावात आमच्या आळीला एक ओली बाळंतीण तापानं पडली होती. तिची गोष्ट मोसंबीपुढं काढायचा मला धीर झाला नाही.

आणखी एक काम त्यांनी सांगितलं. जलपूजन करायचं, तर सवाष्ण पाहिजे. आमच्याकडं नव्या पाण्याची रीत अशी आहे. पाण्याची ओटी भरायची, नारळ फोडायचा, मग सवाष्णीनं पहिली घागर भरायची. आणि एकदा पूजा झाली की जमलेल्या बायांच्या घागरी भरेपर्यंत त्या पाण्याला कुणी नाही म्हणायचं नाही, आडवायचं नाही. आडवलं की पाणी रुसतं आणि पुन्हा त्या गावाचं तोंड बघत नाही. हे लहान पोरालाही माहीत होतं. चेअरमनलाही होतं, पण त्यांच्या डोक्यात पूजा म्हणजे फोटो. बाईसाहेबांनी डोक्यावर घागर घ्यायला साफ नकार दिला होता. म्हणून ते म्हणाले, "तुझ्या बायकोला उभी कर. धड लुगडं हाय का तिला?" नव्हतं. तर बाईसाहेबांचं हिरवं इरकली लुगडं माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, कार्यक्रम झाला की घडी करून वापस आणून द्यायचं, बाईसाहेबांचा जीव हाय त्याच्यावर.

घरी येऊन मी अनसूयाला सगळं सांगितलं. टाकी, वाल, रुमाल, मोसंबी. ती लुगड्याचा काठ बोटांनी चाचपत बसली होती. तिनं एकच विचारलं, "पूजा करणार हायेत न्हवं? नारळ फोडून?"

"भटजी सांगितलाय परंड्याचा."

"मग बरं हाय," म्हणाली आणि शेजारणीकडं निघून गेली. तिथून पुढच्या शेजारणीकडं. मग बौद्धवाड्याकडं.

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. आधी वर्गात नेलं. गादीची खुर्ची, अख्खा टॉवेल. मंत्र्यांनी विचारलं, काय शिकताय बाळांनो? पोरं एका सुरात म्हणाली, नामाचे प्रकार. मंत्र्यांनी मागच्या एका पोरीला उभं केलं आणि भाववाचकनामाचं एक उदाहरण विचारलं. ती म्हणाली, "पाणी."

गुरुजींनी डोळे मिटले. मंत्री हसून म्हणाले, कसं काय? ती म्हणाली, "दिसत न्हाय, हाताला लागत न्हाय. नुसतं हाय म्हणायचं."

हे तिला गुरुजींनी शिकवलं नव्हतं. सुकडी वाढणारीनं शिकवलं होतं. चेअरमन सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "चला सायेब, आता दिसंल तिला."

मी पळत भिंतीमागं गेलो. तिथं एक वीट निघालेली होती, त्यातनं सगळं दिसायचं. मंत्र्यांनी बटन दाबलं, मी वाल सोडला. नळातनं पाणी आलं. खरं सांगतो, ते टँकरचं आहे हे माहीत असूनही त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. लोक टाळ्या वाजवत होते. भटजींनी मंत्र उरकले, मंत्र्यांनी ओटी भरली, नारळ फुटला. अनसूया पुढं झाली. बाईसाहेबांच्या हिरव्या लुगड्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याकडं पाहुण्याकडं बघतात तसं बघितलं. तिचीही ओटी भरली. तिनं पहिली घागर भरली, डोक्यावर घेतली, फोटो निघाला.

चेअरमननी रुमाल काढून तोंड पुसलं.

माझा हात वालावर गेला. तेवढ्यात अनसूया वळली आणि गर्दीकडं बघून साध्या आवाजात म्हणाली, "या गं बायांनो. पूजा झाली. पाणी आडवायचं नसतंय."

शाळेच्या कुंपणामागनं बाया उठल्या. सगळ्या गावच्या. घागरी, कळशा, चरव्या, एकीजवळ तर तुपाचा डबा. बौद्धवाड्यातल्या बायका नेहमीच्या सवयीनं लांब थांबल्या होत्या, तर अनसूयानं त्यांच्यातल्या म्हातारीचा हात धरून तिला पुढं आणलं आणि तिची घागर दुसरी लावली. मंत्र्यांसमोर कोण काय बोलणार. मंत्र्यांनाच ते आवडलं, ते पुढं होऊन घागरींना हात लावायला लागले.

चेअरमननी पुन्हा तोंड पुसलं. मग मान पुसली. मग टोपी काढून टाळू पुसली. माझ्या भिंतीकडं बघून त्यांनी इतक्या वेळा तोंड पुसलं की मंत्री म्हणाले, चेअरमन, सावलीत बसा, ऊन बाधतंय तुम्हाला.

मी वालाला हात लावून उभा होतो. बंद केला तर बायको तोंडावर पडते, नाही केला तर नोकरी जाते. विटेच्या भोकातनं बघितलं तर ती माझ्याकडं बघतही नव्हती. बंद करणार नाही हे तिनं धरूनच चाललं होतं. मी हात काढून घेतला.

टाकी संपली. नळ खोकला, दोन ठिपके पडले आणि थांबला. मंत्र्यांनी नळात वाकून बघितलं आणि विचारलं, काय झालं? इतक्यात पाचवीच्या रांगेतलं एक पोर उभं राहिलं आणि त्यानं दोन्ही हातांनी हवेत जाळं फेकलं. मग शेजारचं उठलं. मग सगळी रांग. कोरड्या हौदासमोर तीसभर पोरं जाळी फेकतात आणि ओढतात, आणि पोट धरून हसतात. पाहुण्यांना वाटलं स्वागताचं नृत्य आहे. त्यांनी टाळ्या दिल्या. गुरुजी मात्र आभाळाकडं बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

मंत्री काय समजायचं ते समजले. ते काही वेडे नव्हते, तेही कुठंतरी चेअरमनच होते आधी. भाषणात ते म्हणाले, योजनेला माताभगिनींचा उदंड प्रतिसाद आहे. पेपरात तसंच आलं. योजना यशस्वी झाली. नळ पुढं बरीच वर्षं चिंचेपर्यंतच राहिले. त्यात सरडे राहायचे.

बाळंतिणीच्या घरी दोन घागरी गेल्या. ती वाचली. मोसंबी गेली.

आता तुम्ही म्हणाल, तुमची नोकरी? चेअरमननी मला बोलावून घेतलं. मला काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, सांगूनही वाल बंद केला नाही. आणि वाल होता असं कुणी लिहायचं? त्यामुळं माझी नोकरी वाचली. गुरुजींचं तसं नव्हतं. गोष्ट सांगितली, एवढं कारण पुरलं. संस्थेची एक शाळा पार कर्नाटकाच्या हद्दीला होती, तिकडं पाठवलं. एस.टी.त त्यांचं सामान मी चढवलं. मला म्हणाले, "अनसूयाबाईंना सांगा, धडा मी एकट्यानं न्हाय शिकवला." त्यांच्यानंतर पाचवीला जे आले ते व्याकरण पुस्तकातनं शिकवायचे. पोरांना सगळं पाठ झालं. हसलं कुणी नाही. एवढी शाळा मी झाडली, एवढ्या खुर्च्या उचलल्या, पण त्यातल्या कुठल्या खुर्चीवर त्या माणसाला सन्मानानं बसवायची वेळ माझ्यावर आली नाही. हे राहिलंच.

राहिलं लुगडं. दुसऱ्याच दिवशी चेअरमनचा गडी दारात आला, लुगडं द्या म्हणाला. अनसूया उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ओटी भरलेल्या सवाष्णीचं लुगडं मागून नेत न्हाईत. न्यायचंच असंल तर बाईसाहेबांनी सोता यावं. मी घडी करून हातात देते." बाईसाहेब आल्या नाहीत. चेअरमननी दोनदा माणूस पाठवला, मग सोडून दिलं. पुढं गावात लग्न असो, बारसं असो, चेअरमन जिथं म्हणून टॉवेल टाकून बसलेले असतील, तिथं माझी बायको ते लुगडं नेसून त्यांच्या समोरनं एकदा जायची. चेअरमन आपोआप रुमाल काढायचे. ते वारले तेव्हा ती भेटायला गेली, पण साधं पातळ नेसून. म्हणाली, "मेलेल्या माणसाची मस्करी करायची नसती."

गेल्या वर्षी ती गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी मळवट भरला, हिरव्या बांगड्या भरल्या. माहेरचं लुगडं आणायला तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. शेजाऱ्यांनी परंड्याहून नवी हिरवी साडी आणली, चमकणारी. मी म्हणालो, ती ठेवा, आणि ट्रंक उघडली. इरकल इतकं विरलं होतं की हातात घेताना भीती वाटत होती. त्या दिवशी मला नामाचा तिसरा प्रकार कळला. तिनं सांगितलं होतं तसाच.

चेअरमनचे नातू आता संस्थेचे अध्यक्ष आहेत. माणूस वाईट नाही. तेही आले, चप्पल काढून उभे राहिले. तिच्या अंगावरचं लुगडं बघून हळूच म्हणाले, "काका, मला सांगायचं. चांगली साडी मागवली असती. हे किती जुनं."

मी म्हणालो, "तुमच्याच घरचं हाय. वापस मागायचं असंल तर आत्ता मागा."

त्यांना काही उमगलं नाही. पण त्या पाचवीच्या रांगेतली तीन-चार पोरं, आता पांढऱ्या केसांची, तिथं होती. त्यांनी माना खाली घातल्या. अध्यक्षांनी खिशातनं रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

वाल बंद करायची खूण ती. मंत्री आले त्या दिवशी मी तो बंद केला नव्हता. आता डोळ्यांचा करायचा म्हटलं तरी होत नाही.